यंत्र ठीक आहे

दुपारी एकला मी माइकजवळ सरकते.
लाल दिवा लागतो.
समोर निरोपांच्या चिठ्ठ्या, शेजारी कोमट माते,
खिडकीबाहेर अचाओचा धक्का.
तिथून पुढच्या बेटांवर फोन लागला तर लागला,
म्हणून माणसं रेडिओला कान लावून बसतात.

मी नेलिदा चिग्वाय. मी तोतरी आहे.
हे इतकं सरळ लिहायला
मला एकेचाळीस वर्षं लागली.
बोलायला अजूनही थोडा जास्त वेळ लागतो.

लहानपणी आईने जिभेखाली
नदीतला गुळगुळीत खडा ठेवला. मी तो गिळला.
शाळेत बाईंनी माझ्या वाट्याची कविता
मागच्या बाकावरच्या मुलाला दिली.
सगळं अडायचं ते 'प'वर:
पपा, पाव, पुकेल्दोन.
पाव मागता येईना म्हणून कित्येक वर्षं
बोट दाखवून बिस्किटं आणली,
आणि घरच्यांना वाटायचं
हिला बिस्किटं फार आवडतात.

पुढे पुएर्तो मोंत्तहून एक तज्ज्ञ बाई आल्या.
कागदावर एक वाक्य लिहून दिलं,
'मी अस्खलित बोलते.'
आरशासमोर, रोज शंभरदा.
म्हटलं. आरशावर वाफ धरली.
चौदाव्या खेपेला आरशातली ती आणि मी
एकमेकींकडे बघून हसलो.
निदान खोटं बोलताना तरी
अडखळायला नको होतं!

मग एका जुलैत
निरोप वाचणाऱ्या एव्हारिस्तोला न्यूमोनिया झाला.
मी तिथे चिठ्ठ्या लावायची, शेगडीत लाकूड सारायची.
मालक म्हणाला, 'आज तूच.'
त्याचाही नाइलाज होता.

दुसरीच चिठ्ठी, आपियाओच्या रोसाल्बा बार्रियासाठी.
तुमचा मुलगा, आणि पुढे नाव: प्लासिदो.
ओठ मिटले ते मिटलेच.
काटा अकरा सेकंद चालला.
अकरा सेकंद एक आई
हातातला डाव तसाच धरून उभी असेल,
हे मला दिसत होतं,
आणि ओठ सुटत नव्हते.

एरवी मी शब्दाला ढकलते, लाथा घालते,
शरमेने डोळे मिटून घेते.
त्या दिवशी ते उघडे राहिले.
धक्क्यावर लोक बोटीसाठी थांबले होते,
बोचकी, कोंबड्या, एक गुंडाळलेली गादी.
बोटीला तासभर उशीर. कुणी रडत नव्हतं.
उशीर झाला की बुडालीच
असं इथे कुणी धरून चालत नाही.
येतेय, म्हणतात, आणि आडोशाला बसतात.

येतोय, मी मनात म्हटलं.
येतोय प्लासिदो.
आणि आला, ओठांवरून अलगद, ओलाचिंब:
'प्लासिदोचं ऑपरेशन नीट झालं.
गुरुवारच्या बोटीने या.
लोकरीचे मोजे आणा, त्याला गार लागतं.'

इथे थांबले असते तर गोष्ट फार गोड झाली असती.
पुढच्या चिठ्ठीत मी तीनदा अडकले.
गावातून दोन फोन आले,
यंत्र बिघडलंय का?
तिसरा फोन मी घेतला.
म्हटलं, यंत्र ठीक आहे. ती मी आहे.
पलीकडचा म्हणाला, बरं.
एवढंच. बरं.
इतकी वर्षं ज्याला भीत होते
ते एवढंसं होतं.

वसंतात एक म्हातारा आला,
बादलीभर तिसऱ्या घेऊन, ओळख ना पाळख.
'एव्हारिस्तो पन्हाळीसारखा,' तो म्हणाला,
'लिहून घेईपर्यंत सगळं वाहून जायचं.
तू अडतेस तेव्हा माझी पेन्सिल तुला गाठते.'

अजून अडते. काही दिवस वाईट जातात,
घरी जाऊन दार लावून घेते.
तज्ज्ञ बाईंचा कागद फेकला नाही,
पाठीवर भरती-ओहोटीच्या वेळा लिहिल्यात.
पुढच्या बाजूचा फक्त एक शब्द खोडला.
आता तिथे आहे: मी बोलते.

एक वाजला.
आज नऊ चिठ्ठ्या, त्यांतल्या सहा 'प'च्या.
पेन्सिली काढा.